मुदत टळली, आता कारण सांगा



न वटलेल्या धनादेशांविषयी या स्तंभात लिहिल्यानंतर जे दूरध्वनी आले, त्यांतील बहुतेक धनादेशांचेच होते. एक मात्र निराळा होता. बोलणारे गृहस्थ बँकेतील माझ्या जुन्या खातेदारांपैकी. तालुक्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांची भुसार मालाची आडत, दोघे भाऊ, एकत्र पेढी. ‘साहेब, दिवाणी कोर्टाचा निकाल आमच्या विरुद्ध गेला. अपिलाची मुदत संपली आहे म्हणतात. काही करता येईल का?’ मी विचारले, ‘मुदत संपून किती दिवस झाले?’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग उत्तर आले, ‘सात महिने.’

पुढे या प्रकरणात जे घडले ते दोघा भावांच्या संमतीने, नावगाव वगळून लिहीत आहे. आपल्या समाजात कोर्टाची पायरी चढू नये असे मानणारे पुष्कळ आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु पायरी चढावी लागलीच, तर तेथील घड्याळ आपल्या पेढीच्या घड्याळाप्रमाणे चालत नाही, हे ठाऊक असलेले बरे.

वाद होता गोदामामागच्या नऊ फूट रुंदीच्या पट्ट्याचा. त्यावर पत्र्याची शेड, शेडमध्ये वजनकाटा, आणि त्याच बाजूने मालमोटारी वळतात. शेजाऱ्याचे म्हणणे असे की पट्टा त्याचा आहे आणि शेड हे अतिक्रमण आहे. यांच्याकडे वडिलांच्या वेळचे खरेदीखत होते व त्यात चतुःसीमा स्पष्ट लिहिल्या होत्या. पण दाव्यात दाखल झालेला मोजणीचा नकाशा त्या चतुःसीमांशी जुळेना. १२ जून रोजी निकाल लागला. शेड काढून दोन महिन्यांत पट्ट्याचा ताबा द्यावा, असा हुकूमनामा झाला. निकालात अपिलाला जागा होती. मोजणीच्या वेळी यांना नोटीसच मिळाली नव्हती आणि तो मुद्दा निकालपत्रात दोन ओळींत गुंडाळला होता. तथापि अपील दाखल झाले नाही. १० फेब्रुवारीला दरखास्तीची नोटीस घेऊन बेलिफ पेढीवर आला, तेव्हा धाकट्या भावाला निकाल लागल्याचे प्रथम कळले.

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करावयाचे असेल तर मुदतीच्या कायद्याने ३० दिवस मिळतात. उच्च न्यायालयात करावयाचे असेल तर ९०. हा कायदा १९६३ सालचा आहे. निकालाचा दिवस मोजावयाचा नाही. निकालपत्राची प्रमाणित नक्कल मिळविण्यास जो वेळ लागतो, तोही कलम १२ प्रमाणे वगळला जातो. येथेच पुष्कळांची फसगत होते. वगळला जाणारा काळ नक्कलेचा अर्ज दिल्यापासून सुरू होतो, निकालापासून नव्हे. नक्कल मागितलीच नाही तर वगळण्यासारखे काहीच उरत नाही आणि दिवस मात्र जातच राहतात. नक्कलेवर एक शिक्का असतो. त्यात अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, पक्षकाराने ती केव्हा नेली, अशा तारखा भरलेल्या असतात. तयार झालेली नक्कल आपण आठवडाभर नेली नाही, तर तो आठवडा आपल्याच खाती नावे पडतो. निकाल लागला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नक्कलेचा अर्ज द्यावा. अपील करावयाचे की नाही, हे नंतर ठरवावे. नक्कलेला खर्च फारसा येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीविषयीही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. कोर्टाला सुट्टी म्हणजे मुदतीलाही सुट्टी, असे लोक धरून चालतात. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीत पडला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते. सवलत आहे ती एवढीच. सुट्टीनंतर पाच दिवसांनी मुदत संपत असेल तर ती त्याच दिवशी संपते. महासाथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण काळ मुदतीतून वगळला होता. तो अपवाद होता व तो संपला. पण त्याची सवय मात्र काही जणांना अजून सुटलेली नाही.

आपल्या या दोघा भावांची मुदत १२ जुलैला संपली. नक्कलेचा अर्ज दिला गेला फेब्रुवारीत. अपील दाखल झाले २ मार्चला. विलंब २३३ दिवसांचा.

मुदत संपली म्हणजे सारे संपले असे नाही. कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ‘पुरेसे कारण’ दाखविले तर न्यायालय विलंब माफ करू शकते. ही सवलत अपिलाला व काही अर्जांना आहे, मूळ दाव्याला मुळीच नाही. उधारीच्या वसुलीचा दावा तीन वर्षांनंतर एक दिवस उशिरा लावला, तर तो एक दिवस माफ करण्याचा अधिकार कलम ५ ने कोणत्याही न्यायाधीशाला दिलेला नाही. व्यापाऱ्याने हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

‘पुरेसे कारण’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही आणि ती नाही हे बरेच आहे. साठ वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर जे लिहिले, ते वाचताना माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसालाही गोडी वाटते. १९६१ मध्ये रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, मुदतीच्या आत तुम्ही स्वस्थ का बसलात हे कोणी विचारणार नाही. शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याचा तुम्हाला हक्क आहे. खुलासा द्यावयाचा तो शेवटच्या दिवसापासून पुढचा. १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात, जे कातिजी प्रकरण म्हणून ओळखले जाते, सरकारचे अपील अवघे चार दिवस उशिरा होते. उच्च न्यायालयाने ते फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने दार उघडले आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब शब्दशः, पंतोजीच्या काटेकोरपणाने मागू नये असे सांगितले. १९९८ मध्ये बालकृष्णन यांच्या प्रकरणात विलंब ८८३ दिवसांचा होता. चूक वकिलाची होती आणि पक्षकाराने ती पटेल अशा रीतीने मांडली. विलंब माफ झाला. किती दिवस गेले यापेक्षा सांगितलेले कारण विश्वास ठेवण्याजोगे आहे की नाही, हे पाहावयाचे असे तेथे ठरले.

याउलट २०१२ मध्ये टपाल खात्याच्या एका अपिलात ४२७ दिवसांचा विलंब होता. खात्याचे म्हणणे असे की फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात वेळ गेला. न्यायालयाने ते मानले नाही. सरकारसाठी मुदतीचा वेगळा कायदा नाही, असे स्पष्ट बजावले. आणि २०२४ मध्ये आंध्रमधील एका भूसंपादन प्रकरणात ५,६५९ दिवसांचा, म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक, विलंब माफ करण्यास नकार दिला.

टपाल खात्याचा तो निकाल वाचताना मी मनात थोडा ओशाळलो. बँकेत वसुली विभागात असताना आमचा एक लहानसा दावा तांत्रिक कारणाने फेटाळला गेला. वकिलांचे पत्र आले, त्यावर मी टिपण लिहिले, टिपण विभागीय कार्यालयात गेले, तेथून ‘चर्चा करावी’ असा शेरा होऊन परत आले, चर्चा ज्यांच्याशी करावयाची ते रजेवर होते. मुदत उलटून ४१ दिवस झाले. प्रतिज्ञापत्र मीच केले. त्यात ‘प्रशासकीय कारणास्तव’ असे शब्द होते; मसुदा करताना ते मला फार भारदस्त वाटले होते. न्यायाधीश महाशयांनी आमच्या वकिलांना एवढेच विचारले, ‘प्रशासकीय म्हणजे काय?’ वकिलांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. अर्ज नामंजूर झाला. रक्कम मोठी नव्हती आणि मला कोणी जाबही विचारला नाही. बँकेत अशा गोष्टी ‘निर्लेखित’ या एका शब्दाखाली झाकल्या जातात. पण स्वतःच्या पेढीचे पैसे असते तर मी ते पत्र टेबलावर एक दिवस तरी राहू दिले असते का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

विलंबाला न्यायालय एवढे महत्त्व का देते, हेही पाहिले पाहिजे. मुदत संपल्यावर समोरच्या माणसाला निकालाचे फळ निश्चिंतपणे भोगण्याचा हक्क येतो. त्यानेही वर्षानुवर्षे तारखा केल्या असतात, वकिलाची फी भरलेली असते. आपला शेजारी हाही माणूसच, हे वादाच्या भरात विसरायला होते.

आता त्या दोघा भावांकडे वळू. विलंबमाफीच्या अर्जाचा मसुदा तयार झाल्यावर धाकट्यांनी मला पेढीवर बोलावले. ‘साहेब, तुम्ही एकदा वाचून पाहा. बँकेतल्या माणसाची नजर कागदावर चांगली बसते.’ गादीवर थोरले बंधू बसले होते. त्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते, मीही म्हणतो. वय एकाहत्तर. कोर्टाची सर्व कागदपत्रे त्यांच्याकडेच असत. धाकटे खरेदीच्या निमित्ताने बाहेरगावी. अर्जात लिहिले होते की अण्णांना मणक्याचा तीव्र विकार झाल्याने ते १५ जून ते ३० सप्टेंबर अंथरुणास खिळून होते, पुढेही अशक्तपणा राहिला, म्हणून वकिलांशी संपर्क होऊ शकला नाही. सोबत वैद्यकीय दाखला. दाखला देणारे डॉक्टर नात्यातलेच.

मी अर्ज वाचला व खाली ठेवला. म्हणालो, ‘अण्णा, जुलैत मुनिश्रींच्या चातुर्मासाची कलशस्थापना झाली. कलश कोणाच्या खांद्यावर होता?’

कोणी बोलले नाही. कलश अण्णांच्याच खांद्यावर होता. ते समितीचे अध्यक्ष होते. मिरवणुकीत ते सर्वांत पुढे चालत होते आणि त्याचे छायाचित्र समाजाच्या पत्रिकेत छापून आले होते. मी स्वतः त्या दिवशी तेथे होतो. पंगतीत अण्णांनी माझ्या नको नको म्हणण्याकडे दुर्लक्ष करून दोनदा बुंदी वाढली होती. ‘उद्या प्रतिपक्षाने ते छायाचित्र हजर केले तर?’ मी विचारले. ‘आणि छायाचित्र राहू द्या. मला कोणी साक्षीला बोलावले तर मी काय सांगू?’

धाकट्यांचा चिरंजीव म्हणाला, ‘काका, सगळेच असे दाखले लावतात. कोर्टालाही ते माहीत असते.’ मुलगा हुशार आहे, वाणिज्य पदवीधर आहे. त्याचे म्हणणे व्यवहारात अगदीच खोटे नाही. विलंबमाफीच्या किती अर्जांना कावीळ, मणका आणि टायफॉइड यांनी हात दिला असेल याची गणती नाही. पण खोटे प्रतिज्ञापत्र हा फौजदारी गुन्हा आहे आणि कारण बनावट ठरले तर उरलेला खरा भागही बुडतो. २०१३ मध्ये ईशा भट्टाचार्जी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विलंबमाफीची जी तत्त्वे एकत्र मांडली, त्यांत रचलेल्या कारणांपासून न्यायालयांनी सावध राहावे असे मुद्दाम सांगितले आहे. दाखला देणाऱ्या डॉक्टरांचीही त्यात ओढाताण होते.

हे सर्व मी बोललो. पण बोलण्याची खरी गरज अण्णांना नव्हती. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय त्यांना माझ्यापेक्षा अधिक पाठ आहे. सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा स्पष्टपणे येतो. मी तो शब्द उच्चारला मात्र नाही. एकाहत्तर वर्षांच्या श्रावकाला त्याच्या मुलापुतण्यांसमोर अतिचार मोजून दाखवणे मला प्रशस्त वाटले नाही.

अण्णांनी दाखल्याचा कागद अर्जापासून वेगळा काढला व घडी घालून खिशात ठेवला. मग जे खरे होते ते हळूहळू बाहेर आले. वकिलांच्या कारकुनाचा दूरध्वनी १४ जूनला आला होता. अण्णा ‘बघतो’ म्हणाले. त्यापूर्वी दोन वर्षे शेजाऱ्याने तडजोडीचा निरोप पाठवला होता. अर्धा पट्टा तुमचा, अर्धा माझा. धाकटे भाऊ तयार होते. अण्णांनी साफ नकार दिला, ‘वडिलांची जागा वाटून घ्यायची नाही’ म्हणाले. दावा हरल्यावर धाकट्याला कोणत्या तोंडाने सांगावे हे त्यांना कळेना. आज सांगू, उद्या सांगू, कलशस्थापना होऊ दे, पर्व होऊ दे, दिवाळीचे वहीपूजन होऊ दे. दिवाळीनंतर त्यांनी तो विषय मनातून काढूनच टाकला. ‘रात्री आठवायचे,’ ते म्हणाले, ‘पण सकाळी पेढी उघडली की जायचे.’

मधल्या काळात दशलक्षण पर्वही येऊन गेले. क्षमावाणीच्या दिवशी दोघा भावांनी एकमेकांची क्षमा मागितली होती, नेहमीप्रमाणे. वर्षभरात कळत-नकळत जे काही घडले असेल त्याबद्दल. त्या ‘जे काही’ मध्ये नऊ फुटांचा पट्टा होता, हे एकट्यालाच माहीत होते. प्रतिक्रमणात दोष एकेक करून आठवावे लागतात, सरसकट आठवून भागत नाही. विलंबमाफीच्या अर्जाचेही तसेच आहे. ‘अपरिहार्य कारणास्तव विलंब झाला’ या वाक्याने न्यायाधीशाला काही कळत नाही. कोणत्या तारखेला काय समजले, कोणाला समजले, त्याने त्यावर काय केले, कागद कोणाकडे होता, नक्कल केव्हा मागितली, हे तारखेनिशी लिहावे लागते.

गंमत अशी की, खरा वृत्तान्त कायद्याच्या दृष्टीनेही अधिक बळकट होता. दोघेही भाऊ प्रतिवादी होते. धाकट्यांना निकालाची माहिती १० फेब्रुवारीपर्यंत नव्हती, ही गोष्ट खरी होती. ती कळल्यावर त्यांनी तीन आठवड्यांच्या आत नक्कल मिळवून अपील दाखल केले होते. खोट्या दाखल्याच्या मसुद्यात ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका ओळीतही आली नव्हती, कारण ती लिहावयाची तर अण्णांनी भावापासून निकाल लपवला हे लिहावे लागले असते. वकिलांनी ते ऐकले व नवा मसुदा केला. धाकट्यांचे एक प्रतिज्ञापत्र, अण्णांचे दुसरे. अण्णांच्या प्रतिज्ञापत्रात आजाराचा उल्लेख नाही. निकाल आपणास १४ जून रोजी समजला, तडजोड आपणच नाकारली होती म्हणून संकोचाने धाकट्या भावास सांगितले नाही, असे त्यात लिहिले आहे. त्यावर त्यांनी सही केली तेव्हा मी तेथे होतो. हात कापत होता; मी दुसरीकडे पाहिले.

प्रतिपक्षाच्या वकिलांनी हरकत घेतली आणि ती वाजवी होती. वकील दोघांचे एकच, मग एकाला समजले ते दुसऱ्याला समजले असेच धरले पाहिजे. शिवाय एकत्र पेढी, एकत्र कुटुंब. सात महिन्यांत विषय निघालाच नाही हे कोणास पटावे? वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटले आहे, पण तो सर्वांना सरसकट लागू पडणारा नियम नव्हे हेही १९९३ मध्ये सांगितले आहे. आणि येथे वकिलांची चूक फारशी नव्हतीच. त्यांनी निरोप पोहोचवला होता. तो लेखी पाठवावयास हवा होता एवढेच. माझा स्वतःचा आग्रह असा की, प्रत्येक प्रतिवादीने वकिलांकडे आपला स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक व पत्ता द्यावा, मग भाऊ कितीही सख्खे असोत.

सुनावणी व युक्तिवाद होऊन ऑगस्टमध्ये आदेश झाला. धाकट्यांचे अज्ञान खरे दिसते, थोरल्यांच्या कबुलीने त्यास पुष्टी मिळते, अपिलातील मोजणीचा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. सबब १५,००० रुपये प्रतिपक्षास खर्चापोटी देण्याच्या अटीवर विलंब माफ. हाच अर्ज दुसऱ्या न्यायाधीशांसमोर कदाचित नामंजूरही झाला असता. विवेकाधिकार याचा अर्थच तो आहे आणि खरे सांगितले की हमखास माफी मिळते असे मी कोणाला सांगणार नाही.

पण मधल्या काळात शेड गेली. हा भाग वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४१व्या आदेशात नियम ३-अ आहे. अपील मुदतीनंतरचे असेल, तर विलंबाचा प्रश्न निकालात निघून अपील ऐकावयाचे ठरेपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीस स्थगिती देता येत नाही. मुदतीत अपील केले असते, तर त्याच आठवड्यात स्थगितीचा अर्ज देता आला असता. नुसते अपील दाखल झाल्याने अंमलबजावणी थांबत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि न्यायालय ती बहुधा काही तारण घेऊन देते. येथे तो मार्गच बंद होता. एप्रिलमध्ये ताबा वॉरंट निघाले. बेलिफ आला, पंचनामा झाला, हमालांनीच पत्रे उतरवले. अण्णा त्या दिवशी पेढीवर आले नाहीत. वजनकाटा आता रस्त्याच्या बाजूला हलवला आहे आणि मोठ्या मालमोटारी चौकातच रिकाम्या कराव्या लागतात. तेथून गोदामापर्यंतची हमाली वेगळी. अपील जिंकले तर पट्टा परत मिळेल, शेड नवी बांधावी लागेल.

व्यापारी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. हे सर्व साध्या दिवाणी दाव्यांचे झाले. व्यापारी न्यायालयाच्या निकालावर अपिलास ६० दिवस मिळतात आणि तेथे विलंबाकडे बरेच कठोरपणे पाहिले जाते; महाराष्ट्र शासन विरुद्ध बोर्से ब्रदर्स या २०२१ च्या निकालात, लवादविषयक अपिलांच्या संदर्भात, माफी हा अपवाद आहे, नियम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. लवादाचा निवाडा रद्द करून घेण्याच्या अर्जास तीन महिने, त्यावर पुरेसे कारण असल्यास ३० दिवस, आणि त्यापुढे एक दिवसही नाही. वस्तू व सेवा कराच्या आदेशावरील पहिल्या अपिलास तीन महिने व वर फार तर एक महिना. तेथे अण्णांचे प्रतिज्ञापत्र कितीही प्रामाणिक असते तरी कोणी वाचले नसते. कराचा आदेश पोर्टलवर येऊन पडतो आणि पुष्कळ पेढ्यांत पोर्टल कर सल्लागाराखेरीज कोणी उघडत नाही, म्हणून हे लिहिले.

आपल्या पेढ्यांमध्ये हुंडीची तारीख कोणी चुकवीत नसे. मुदत भरण्याचा दिवस, त्यावरचे तीन सवलतीचे दिवस, त्यात सुट्टी आली तर काय, हे मुनीमाला झोपेतही सांगता येई. बँकेत आम्ही याच कामासाठी एक नोंदवही ठेवत असू. कोणत्या कर्जाची वचनचिठ्ठी तीन वर्षांची होत आली, कोणता विमा संपत आला, ते महिना आधी तांबड्या शाईने तीत उतरे. त्याच पेढीत कोर्टाचा कागद मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात जातो. तो अशुभ वाटतो, हे मी समजू शकतो. पण अशुभ वाटणारा कागद घरातल्या एकाच माणसाकडे एकट्याने सांभाळायला देणे, हे मला अण्णांवर अन्यायकारकच वाटते.

अपिलाची पुढील तारीख दिवाळीनंतरची आहे. शेजाऱ्याकडून तडजोडीचा निरोप पुन्हा आल्याचे धाकट्यांनी परवा सांगितले. या वेळी अर्धा नव्हे, तीन फूट. निरोप आला त्याच संध्याकाळी अण्णांनी तो सगळ्यांना बसवून सांगितला. निर्णय अजून झालेला नाही.

पुढील अंकी बँक खात्यांवरील नामनिर्देशन आणि वारस यांतील फरकाविषयी लिहीन.